अनीश स्टेजवर येणार नाही

कॅरी (अमेरिका), १७ ऑगस्ट २००८

प्रिय दीपा,

आन्सरिंग मशीनवरचा तुझा निरोप माझ्याआधी अनीशनेच ऐकला. गणपतीच्या कार्यक्रमाला त्याने युनिफॉर्ममध्ये यावं, मंडळातर्फे त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, आरतीनंतर त्याने दोन शब्द बोलावेत. माझा मुलगा उठला आणि मागच्या अंगणात जाऊन बसला. फोन केला असता तर मी तुला वाटेल ते बोलले असते, म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी तो इथल्या आर्मीत गेला तेव्हा याच मंडळात तू मला बाजूला घेऊन विचारलं होतंस, "ग्रेड्स इतके वाईट होते का गं?" ते मी गिळलं. मागच्या उन्हाळ्यात तो इराकमध्ये, दियाला प्रांतात होता. तिथे शिया आणि सुन्नी शेजारी एकमेकांना घराबाहेर ओढून मारत होते आणि अनीशची तुकडी त्यांच्या मधोमध, एकेक गाव ताब्यात घेत पुढे सरकत होती. तेव्हा तुमच्यापैकी एकीनेही मला फोन करून तो कसा आहे ते विचारलं नाही. तो परत आला, तर मंडळाच्या पॉटलक जेवणाला तुझ्या नवऱ्याने, प्रतापने हसत विचारलं, "मग, किती उडवले?" अनीश भरलेलं ताट ठेवून गाडीत जाऊन बसला.

त्याचं उत्तर आज मी देते. संत्र्यांच्या बागांमधल्या एका गावात एका बाईने यांना पाणी दिलं, गरम रोट्या दिल्या. अनीश तिला तिथल्या भाषेत मावशी म्हणायचा. गाव सुरक्षित झालं असं वर कळवलं गेलं आणि यांना लगेच पुढे पाठवलं. मागे एकही माणूस ठेवला नाही. काही आठवड्यांनी हे परतले तेव्हा ती आणि तिच्या दोन्ही मुली अंगणातच पुरलेल्या होत्या. सैनिकांना पाणी दिलं म्हणून. आता सांग, शाल कशासाठी घालणार आहेस?

हे त्याने मला सांगितलेलं नाही, दीपा. तुझ्या लेकीला, सियाला सांगितलं, मी किचनच्या खिडकीतून ऐकलं. ती लायब्ररीत जाते असं तुला वाटतं. ती आमच्याकडे येते. तिला आर्मीत जायचंय. अठरा पूर्ण झाली, तुमची परवानगी लागत नाही, मंगळवारी ती सही करणार आहे. तिने जाऊ नये म्हणूनच अनीशने आजवर कोणालाही न सांगितलेलं तिला सांगितलं. सगळं ऐकून ती इतकंच म्हणाली, "देन समवन शुड हॅव स्टेड." म्हणजे, मग कोणीतरी तिथे मागे थांबायला हवं होतं. तुला कळू देणार नाही असं वचन तिने त्याच्याकडून घेतलंय, माझ्याकडून नाही. आजच तिच्याजवळ बस. प्रतापला मध्ये बोलू देऊ नकोस, तूही चिडू नकोस. चिडायला मी आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
राधिका