एकोणीस लेखकांचा कांदा

शिरूर,
१२ फेब्रुवारी

आमच्या घरातल्या सर्वांत वडील आणि सर्वांत शहाण्या ग्लॅडिस आक्काला धाकट्या प्रभुदासचा सप्रेम सलाम. देवाच्या दयेनं इकडे मी आणि इवा खुशाल आहोत. (इवा म्हणते, खुशाल काय लिहिता, माझी कंबर लिहा. तर तिची कंबर दुखते आहे.) तुझे गुडघे, दाजींचं बी.पी. आणि मर्सीचा संसार सगळं ठीक असेल अशी आशा करतो. वडगाव रासाईचं घर बंद करून, दाजींना घेऊन, तू दौंडला लेकीकडे गेलीस त्याला आज तीन आठवडे झाले. दौंडात एवढं मोठं रेल्वे जंक्शन आहे, पण मोबाईलला रेंज नसावी, कारण माझे एकतीस फोन तुला लागलेले नाहीत. म्हणजे लागले, वाजलेसुद्धा, फक्त कोणी उचलले नाहीत. म्हणून हे पत्र लिहून ज्योतिबाच्या टेंपोबरोबर पाठवतो आहे. तो ते तुझ्या हातातच देईल आणि तू वाचायला घेईपर्यंत दारातून हलणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. त्याला चहा दे.

आधी आनंदाची बातमी. आपल्या कांद्याच्या शोधनिबंधाला त्या परदेशी नियतकालिकाचं उत्तर आलं, आणि त्यांनी तो नाकारलेला नाही. दुरुस्त्या करून २८ तारखेपर्यंत परत पाठवा, असं कळवलं आहे. आमच्या कॉलेजात आजवर कोणाला दुरुस्त्यासुद्धा आलेल्या नाहीत, सरळ नकारच येतो, त्यामुळे स्टाफरूममध्ये माझ्याकडे बघण्याची दृष्टी बदलली आहे. तुला माहीतच आहे, वनस्पतिशास्त्र शिकवून मला बावीस वर्षं झाली आणि पीएचडीची नोंदणी करून अकरा. शेवटची मुदतवाढ ३१ मार्चला संपते. त्याआधी, माझं नाव पहिलं असलेला एक निबंध स्वीकारला गेला पाहिजे, नाहीतर नोंदणी रद्द. दुसरा माणूस असता तर झोप उडाली असती. मला मात्र पूर्ण खात्री आहे, आणि ती का आहे हे तुला सविस्तर सांगतो.

निबंधाचा विषय भक्कम आहे. न्हावऱ्याच्या हौसराव आप्पांची कांदाचाळ आणि तुझी कांदाचाळ, दोन्हींत एकाच आठवड्यात उन्हाळी कांदा भरला, आणि सव्वीस आठवड्यांनी मोजला. आप्पांचा तिसरा हिस्सा सडला. तुझा सगळा मिळून दोन पाट्या. फरक एवढाच की तू दर शुक्रवारी चाळीच्या कडेनं सावकाश चालतेस, मध्येच थांबतेस, वास घेतेस, बांबूच्या फटीतून खांद्यापर्यंत हात घालतेस आणि नेमका सडायला लागलेला एकच कांदा बाहेर काढतेस, बाकीच्या ढिगाला धक्का न लावता. हे मी लहानपणापासून बघत आलो. त्यात शास्त्र आहे हे माझ्या लक्षात यायला पंचेचाळीस वर्षं लागली, पण आलं तर खरं. (कॉलेजात असे लोक आहेत ज्यांच्या अजून काहीच लक्षात आलेलं नाही.)

निबंध लिहिणं सोपं गेलं, अवघड गेली ती नावं. हौसराव आप्पा आमच्या संस्थेचे संचालक, चाळ त्यांची, म्हणजे त्यांचं नाव आलंच. त्यांचं आलं म्हटल्यावर प्राचार्यांचं गाळून कसं चालेल? विभागप्रमुखांचं नाही टाकलं तर ते परीक्षेच्या कामाला जुंपतील. पुण्याचे माझे मार्गदर्शक सर तर हवेतच. वजनकाटा दिला सोसायटीच्या चेअरमननी. कांदे वाहिले ज्योतिबानं. त्यातून आप्पांच्या धाकट्या भावाला कळलं की थोरल्याचं नाव छापून येतंय. पुढचं तुला ठाऊक आहे. आपल्या भागात लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर तीन पिढ्या मांडवात पाय ठेवत नाहीत. मी विचार केला, उगाच कोणाला दुखवा कशाला, कागद त्या परदेशी नियतकालिकाचा, शाईही त्यांचीच. असं करत करत मी धरून एकोणीस लेखक झाले. पहिल्या जागेसाठी आप्पांनी बराच आग्रह धरला, पण तिथं मी हललो नाही. त्यांना दुसरी दिली आणि नावामागे ‘प्रगतशील शेतकरी’ लावून दिलं.

मग निबंध नियतकालिकाच्या वेबसाइटवर चढवला. संपादकांना सोबतचं पत्र लिहायचं असतं, ते मी रजेच्या अर्जाच्या चालीवर लिहिलं (माझा त्यात हात बसलेला आहे) आणि शेवटी, कधी शिरूरकडे येणं झालं तर जेवायला घरी या, असंही घातलं. ते घातलं ते बरं केलं, असं मला अजून वाटतं. घोटाळा झाला तो पुढे. त्या वेबसाइटनं एकोणीसही लेखकांना आपणहून ई-मेल पाठवली, की आपण या निबंधाचे लेखक आहात का, असाल तर या ठिकाणी बोट दाबा. आता गेलं वर्षभर बँकवाले सगळ्यांना बजावतात की अनोळखी ठिकाणी बोट दाबू नका. चेअरमननी घाबरून खातं गोठवलं. ज्योतिबानं भर रस्त्यात टेंपो थांबवून मला विचारलं, मी कशाकशाचा लेखक आहे ते एकदा सांगा. आप्पांनी उत्तरादाखल फेटा बांधलेला स्वतःचा फोटो पाठवून दिला. शेवटी एका रविवारी मी दुपारभर मोटरसायकलवर हिंडलो, एकेकाच्या शेजारी बसलो आणि त्याचं बोट धरून दाबलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस झाले.

तीन महिन्यांनी दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिला भला माणूस असावा, त्यानं फक्त स्वल्पविराम सुधारले. दुसऱ्याच्या घरी मात्र काहीतरी बिनसलेलं असणार. त्यानं विचारलं, दोन चाळींना एकोणीस लेखक कशाला, प्रत्येकानं आपण काय केलं ते स्वतः लिहून सही करावी. हेही चाललं असतं. पण पुढे त्यानं असं विचारलं, की लेखकांनी सडका कांदा ओळखण्यासाठी जे ‘स्थानिक बनावटीचं गंधमापक उपकरण’ वापरलं, ते कोणत्या कंपनीचं, मॉडेल कोणतं, त्याची अचूकता शेवटची कधी तपासली होती, आणि त्याच्या सव्वीस आठवड्यांच्या मूळ नोंदी कुठे आहेत.

आक्का, ते उपकरण म्हणजे तुझं नाक. हे तुला आता नव्यानं सांगायला नको. शास्त्रीय निबंधात ‘बहिणीनं वास घेतला’ असं लिहिता येत नाही, असा माझा समज होता. म्हणून मी इंग्रजीत जरा भारदस्त केलं. नोव्हेंबर १९५८ची बनावट, देखभालीची गरज नाही, असं उत्तर द्यावं असंही क्षणभर मनात आलं होतं.

आणि यादीत तुझं नाव का नव्हतं, हे विचारशील तर त्याचं उत्तर अगदी सरळ आहे. घरच्या माणसाला कोणी पत्रिका देतं का? लग्नात बहीण दारात उभी राहून लोकांना अत्तर लावते, तिला कोणी ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणत नाही. रुसतील ते बाहेरचे, म्हणून मी सगळे बाहेरचे मोजले. एकोणीसदा मोजले. तू त्यात नाहीस हे खरंच माझ्या ध्यानात आलं नाही, शपथ घेऊन सांगतो. ते ध्यानात आणून दिलं मर्सीनं, जेव्हा नाताळानंतर तिनं तो निबंध छापून आणला आणि तुझ्या ओट्यावर बसून तुला मराठीत सांगितला. मीच तिला सांग म्हणालो होतो. मला वाटलं, कौतुक होईल. सगळं ऐकून झाल्यावर तू काही रागावली नाहीस, आवाजही चढवला नाहीस. एवढंच म्हणालीस, “मी यंत्र हाय व्हय रे, प्रभुदासा?” आणि आत जाऊन भाकरी टाकायला बसलीस. मला वाढलीससुद्धा. त्या दिवशी मी भाकरी ताटात तशीच ठेवून उठलो, हे मी इवालाही सांगितलेलं नाही.

पण ते असो. माणसानं पुढे बघावं. शेऱ्यांची उत्तरं मी जवळजवळ लिहून काढली आहेत. स्वल्पविराम सगळे लावले. आकडे पुन्हा तपासले, बरोबर निघाले. एवढी तयारी असताना नकार द्यायला त्यांना कारणच उरत नाही. दाजींना सलाम. मर्सीला आशीर्वाद. दौंडच्या थंडीत कान बांधून फिर.

तुझा भाऊ,
प्रभुदास

ता.क. – एक किरकोळ काम होतं, लिहिता लिहिता राहून गेलं. दाजींच्या रेल्वेतल्या जुन्या डायरीत तू दर शुक्रवारी लिहायचीस ना, कोणत्या कप्प्यातून किती कांदे काढले, वास कसला होता, आंबूस की कुजका, आदल्या दिवशी ढग होते का, ती डायरी तू जाताना बरोबर नेलीस. त्या सव्वीस शुक्रवारांच्या नोंदी जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. माझ्याकडे नुसती वजनं आहेत. मर्सीला पानांचे फोटो काढून पाठवायला सांगशील तर बरं होईल. नाही पाठवलेस तर निबंध पडला, हे काही मी वर लिहिलं नाही, कारण पत्र आनंदाचं होतं.

ता.क. २ – तुझ्याशिवाय जमतं का, हेही मी करून पाहिलं. गेल्या शुक्रवारी आप्पांच्या चाळीत गेलो, सावकाश चाललो, थांबलो, वास घेतला आणि खांद्यापर्यंत हात घालून सात कांदे काढले. सहा ठणठणीत होते. सातवा सडका होता, पण तो माझ्या पायाखाली आल्यामुळे कळला. हात बांबूत अडकला तो वेगळाच. आप्पा बाजेवर बसून बघत होते.

ता.क. ३ – एकोणीस लेखकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. काय केलं ते स्वतः लिहून सही करा, असा कागद फिरवल्यावर प्राचार्यांपासून ज्योतिबापर्यंत सोळा जणांनी आमची नावं काढा म्हणून आपणहून सह्या दिल्या. एकटे आप्पा अडून बसले. म्हणाले, “मास्तर, आमचा कांदा सडला म्हनूनच तुमचा शोध लागला. आमी न्हाई सडवला तर तुमी दाखवनार काय?” हा युक्तिवाद दुसऱ्या परीक्षकालाच पाठवावा असं मला वाटलं. त्यांचे आभार निबंधाच्या शेवटी स्वतंत्र ओळीत मानायचं ठरलं, तेव्हा सही झाली.

ता.क. ४ – ज्योतिबा टेंपो सुरू करून उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. लेखकांची नवी यादी मी काल दुपारी पाठवून दिली. आता तिघंच आहेत. तिसरे पुण्याचे सर. दुसरा मी. पहिलं नाव ग्लॅडिस जेम्स साळवे, मुक्काम वडगाव रासाई. उपकरणाची ओळ खोडली आणि तिथं लिहिलं की वास पहिल्या लेखिकेनं घेतला. विद्यापीठाचा नियम मला पाठ आहे, दुसरं नाव ते धरत नाहीत. सरांनीही फोन करून, शुद्धीवर आहेस का, असं विचारलं. आहे. तू डायरी दे किंवा देऊ नकोस, यादी आता बदलत नाही. निबंध पडलाच तर तो तुझ्या नावानं पडेल. ३१ मार्चचं मी बघतो, कॉलेजात बिनपीएचडीच्या मास्तरांना अजून रिटायर व्हायला परवानगी आहे. नव्या यादीबरोबर प्रत्येकानं काय केलं ते लिहायचं होतं. तुझ्या पुढे लिहिता लिहिता चौकट भरली. माझ्या पुढे मी वजनं केली आणि इंग्रजी लिहिलं एवढंच भरलं, कारण खरं होतं ते त्या चौकटीत बसण्यासारखं नव्हतं, की चाळ तुझी, नाक तुझं, सव्वीस शुक्रवार तुझे, आणि मी तुझा भाऊ म्हणून तू मला बघू दिलंस.