बूथप्रमुखाचं गुप्त मत

९ ऑगस्ट २०१७, बुधवार

सरकारनं जाहीर केलं. पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करू द्यावं का, हे सगळ्या ऑस्ट्रेलियाला विचारणार. टपालानं! आणि म्हणे हे मतदान नव्हे, सर्व्हे. भाग घेतला तर घेतला, नाही घेतला तर एरवीच्या निवडणुकीसारखा दंडसुद्धा नाही. मिरनूक गावच्या शाळेत मी चौतीस वर्षं, बावीस निवडणुका बूथप्रमुख होतो. पहिल्या मतदाराला रिकामी पेटी दाखवायची, मग सील ठोकायचं. दोरीला बांधलेली पेन्सिल. बाहेर शाळेच्या मदतीसाठी सॉसेज भाजत उभा असलेला रॉस. आता पेटी नाही, पेन्सिल नाही, सॉसेज नाही. लोकशाहीचं वाटोळं झालं.

जेवताना रॉसनं पेपर मोठ्यानं वाचला. मग म्हणाला, 'नेव्ह, फॉर्म आले की आपण दोघं मिळून पोस्टात टाकायला जाऊ या. भर दुपारी, सगळे असतात तेव्हा. आणि तू काय करणारेस रे? हो की नाही?'

त्याला शांतपणे समजावलं. गुप्त मतदान ही आमच्या व्हिक्टोरिया राज्यानं जगाला दिलेली देणगी, साल १८५६. बूथप्रमुखानं स्वतःचं मत सांगायचं म्हणजे पाद्र्यानं लोकांची पापं चौकात वाचून दाखवायची. वीसेक मिनिटं बोललो. मुद्देसूद बोललो. रॉस मध्येच भांडी घासायला उठला. फार आदळआपट करतो हल्ली.

नोंदीसाठी: रॉस माझा भाडेकरू. १९९० साली खोली भाड्यानं देण्याची जाहिरात दिली, तेव्हा आला. त्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल असतं, पण व्यवस्था तीच आहे. दोघांच्या सोयीची. गवत कापायचं यंत्र एकच पुरतं.

१३ ऑगस्ट, रविवार

निश्चय: सर्व्हे संपेपर्यंत संपूर्ण निष्पक्ष राहायचं. घरातही.

शेजारच्या नोरीनबाईंनी कुंपणावरून विचारलं, 'तुमचं दोघांचं काय ठरलं मग?' मी म्हणालो, लॉनचं ना? सप्टेंबरात कापू. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, 'हो बाबा, लॉनचंच.' वय अठ्ठ्याहत्तर. विसरायला होतं त्यांना.

२ सप्टेंबर, शनिवार

उत्तम कल्पना सुचली! गावात लोक एकमेकांशी धुसफुसत बोलतात. दाराला पोस्टर लावतात. दुसरे फाडतात. हे शिस्तीत व्हायला हवं. बोल्स क्लबात, जिथं गावातले म्हातारे हिरवळीवर गोळे घरंगळवतात, तिथं जाहीर चर्चा ठेवतो. दोन्ही बाजू, प्रत्येकाला तीन मिनिटं, अध्यक्ष मी. 'नाही'च्या बाजूनं गहू पिकवणारा शेतकरी कीथ लॉरी. 'हो'च्या बाजूनं रॉसला विचारलं, कारण त्याची मतं बरीच आहेत.

रॉसनं विचारलं, 'आणि तू कुठं बसणार?' अर्थात मध्ये. तो म्हणाला, 'बस. सत्तावीस वर्षं तिथंच बसलायस.' कौतुकानं म्हणाला की कसं, कळलं नाही. पण बोलायला तयार झाला, हे महत्त्वाचं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

चर्चा प्रचंड यशस्वी. उपस्थिती अकरा. (पैकी सहा क्लबाच्या सोडतीसाठी, बक्षिसाचं मांस जिंकायला, आले होते, पण बसले.)

कीथ म्हणाला, पोरांना आई लागते, बाप लागतो, जगाची रीत आहे. पुढं म्हणाला, 'आता या दोघांशी माझं काही वैर नाही, चांगली माणसं आहेत,' आणि हात रॉसकडून माझ्याकडे फिरवला. व्यक्तिगत उल्लेख! ताबडतोब घंटा वाजवली.

मग रॉस उठला. कागद आणला होता, पण उघडला नाही. शाळेबद्दल बोलला, सॉसेजबद्दल बोलला, लोक हसले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात त्याला 'नातं काय?' असं विचारलं आणि बाहेर बसवलं, ते सांगितलं. त्याची गरज नव्हती. मग म्हणाला, 'या गावात सत्तावीस वर्षं मी ज्या माणसाबरोबर,' आणि तीन मिनिटं झाली. घंटा वाजवली. वाक्य अर्धं राहिलं, पण नियम तो नियम. कीथला एक, रॉसला दुसरा असं करता येत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. असा काटेकोर अध्यक्ष मिरनूकनं पाहिला नसेल. कीथसुद्धा खाली मान घालून म्हणाला, 'अरे बोलू दे की त्याला.' मी म्हणालो, वेळ संपली.

९ सप्टेंबर, शनिवार

रॉस सकाळी बेंडिगोला बहिणीकडे, मर्नाकडे गेला. तिच्या छपराच्या पन्हाळी तुंबल्यात, म्हणाला. दोन सूटकेस नेल्या. पन्हाळींच्या मानानं जास्त वाटल्या, पण रॉसला कधीच आटोपशीर सामान भरता आलं नाही. आठवड्यात येईल.

१९ सप्टेंबर, मंगळवार

फॉर्म आले. दोन. रॉसचा फॉर्म पाकीट न फोडता बेंडिगोला पाठवला, सोबत चिठ्ठी: 'आपला फॉर्म सोबत जोडला आहे. मुदतीपूर्वी परत करावा. नेव्हिल.' चिठ्ठी अगदी निष्पक्ष झाली.

माझा भरला. काय केलं ते इथंही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. (घरात कुणी नाही, पण तत्त्व म्हणून.)

आमच्या पोस्टातली ग्लेन्डा पाकिटं उजेडाकडे धरून बघते असा मला संशय आहे. म्हणून गाडी काढून होर्शमला जाऊन टाकला. जाऊन-येऊन एकशे सोळा किलोमीटर. वाटेत बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे वाहतुकीकडे नीट लक्ष देता आलं.

३० सप्टेंबर, शनिवार

फुटबॉलची फायनल. रॉसची रिचमंड टीम सदतीस वर्षांनी जिंकली! मला त्या खेळात काडीचा रस नाही. तरी सवयीनं दोन मीट-पाय गरम केल्या होत्या, मांस भरलेल्या. त्याची तशीच राहिली.

निश्चय केला आणि फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं: अभिनंदन, तब्येत, पन्हाळी, कधी येतोस. त्यानं उचलला. मागं प्रचंड कल्ला. रडत होता वेडा. ओरडून म्हणाला, 'नेव्ह! तू इथं असायला हवा होतास रे!' मी कागद पुढं ओढला. मी म्हणालो, गुणफलक बिनचूक होता असं दिसतंय. तो म्हणाला, 'काय?' मी म्हणालो, काही नाही, जप. कागदावरचं राहून गेलं.

थंड मीट-पाय खाल्ली. टाकवत नव्हती.

२२ ऑक्टोबर, रविवार

निश्चय: दर रविवारी फोन. (मागचे तीन रविवार कामं होती.) आज लावणार होतो, पण तो जेवत असेल. नंतर झोपला असेल. मग पुन्हा जेवणाची वेळ झाली.

नोरीनबाई सूप घेऊन आल्या. त्यांनी आपला फॉर्म पहिल्याच दिवशी टाकला, म्हणे, 'तुम्हा दोघांसाठी.' मी म्हणालो, बाई, मत असं सांगायचं नसतं. त्या म्हणाल्या, 'गाढवा, फोन कर त्याला.' मी म्हणालो, तो कामात आहे. बाई म्हणाल्या, 'सहा आठवडे पन्हाळ साफ करतोय? छप्पर आहे की विमानतळ?'

सूप चांगलं होतं. घर फार मोठं वाटतं. लॉन कापायला हवं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

घोड्यांची मोठी शर्यत. सगळं गाव क्लबात, बायका टोप्या घालून. आज संध्याकाळी सहाला सर्व्हेची मुदत संपायची होती. पावणेसहाला पाय आपोआप शाळेकडे वळले. चौतीस वर्षांची सवय. फाटक बंद होतं. फाटकापाशी उभा राहिलो, घड्याळ बघितलं आणि बरोबर सहाला म्हणालो, 'मतदान बंद.' एका मॅगपाय पक्ष्यानं माझ्याकडे पाहिलं.

सॉसेजची चूल जिथं असायची, तिथं जमीन अजून काळी आहे. मतदानाच्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघायचं नाही, असा मीच नियम केला होता. तरी बारा वाजता एक सॉसेज, जास्त कांदा घालून, कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर यायचा. तो आल्यापासून एकदाही चुकला नाही.

त्याची आठवण येते. लिहून टाकलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ११

दहा वाजता क्लबात टीव्हीवर निकाल पाहिला. शंभरातल्या एकसष्ट-बासष्ट जणांनी 'हो' म्हटलं. आमच्या मतदारसंघातही 'हो'! नोरीनबाईंनी माझा मुका घेतला, सगळ्यांसमोर. कीथनं बिअर पाजली, अकरा वाजायच्या आत. म्हणाला, 'झालं ते झालं. जा, आण त्याला घरी.'

आणि योगायोग बघा, रॉसचाच काल फोन आला होता. आज दुपारी एकला येतोय! सगळं जमून आलंय. पन्हाळी झाल्या असणार.

योजना: मुदत संपली, निकाल लागला, म्हणजे आता माझं मत सांगायला हरकत नाही. दारातच सांगायचं. शॅम्पेन फ्रिजमध्ये. चादरी बदलल्या. इस्त्रीचं टेबल तिथंच राहू दिलं, कारण ती खोली लागणार नाही. लॉन कापलं. मग दुसरं वाक्य बोलायचं. ते पाठ आहे. गुडघ्यावर बसून बोलतात म्हणे, पण माझ्या गुडघ्याचं काही खरं नाही, उभ्यानंच बोलेन. तो काय म्हणणार, हे काय मला ठाऊक नाही?

दुपारी ३

एकला आला. मर्नाचा छोटा टेम्पो घेऊन, मर्ना गाडीतच बसून राहिली. हिवाळी कोट, पुस्तकं आणि सॉसेजची चूल न्यायला आला होता. बेंडिगोत घर बघितलंय. दोन खोल्या, मागं थोडी बाग.

दारातच सांगितलं. मी 'हो' केलं होतं रॉस. पहिल्याच दिवशी.

तो हसला. वाईट नाही हसला. म्हणाला, 'अरे वेड्या, ते मला ऑगस्टपासून माहीत होतं. तू दुसरं करणार तरी काय होतास? तुझं मत कोण विचारत होतं. माझ्याबरोबर पोस्टापर्यंत चालशील का, एवढंच विचारत होतो मी.'

मी म्हणालो, चल की मग. आत्ता जाऊ. टोपी घेतो.

तो म्हणाला, 'आता टाकायला काय आहे, नेव्ह?' माझ्या दंडावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला. मग कोट उचलले. दुसरं वाक्य पाठ होतं. तोंडात आलं, तोवर मर्नानं हॉर्न वाजवला. चूल चढवायला मीच हात लावला, त्याच्या पाठीला झेपत नाही.

दुपारी ४

पोस्टापर्यंत चालत जाऊन आलो. घरापासून चार मिनिटं लागतात. भर दुपार होती. रस्त्यावर बघायला कुणीही नव्हतं.