दम गेला नव्हता

मी, इवा योसेफ उजगरे, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार शिरूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. "ताईचं डोकं फिरलं होतं," असे माझा धाकटा भाऊ जोएल म्हणणार, म्हणून डॉक्टरांचा दाखला मुद्दाम घेऊन सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. शाळेत नन्सनाही ते जमले नव्हते.

जोएलला सर्व काही देणारे माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

१. फ्रिज, शिलाई मशीन आणि स्वयंपाकाची सगळी भांडी मालनबाईंना द्यावीत. त्यांनी माझे घर सांभाळले आणि माझे बोलणेही ऐकून घेतले.

२. बँकेतील ठेवींच्या व्याजातून शिरूरमध्ये दरवर्षी मुलींची कबड्डी स्पर्धा भरवावी. अट एकच. पंचांनी डबा घरून आणावा आणि कोणत्याही संघाच्या माणसाकडे मुक्कामाला उतरू नये. या अटीचे कारण पुढच्या कलमात आहे.

३. जोएल कबड्डीचा पंच आहे. आपल्याकडे पंचाची जेवणाची आणि झोपायची सोय यजमान संघ करतो, ही जुनी रीत. दौंड तालुक्यात सामना असला की जोएल खुटबावच्या रविराज यांच्याकडे उतरायचा. संघ त्यांचाच. पुढे सामना नसतानाही तो जाऊ लागला. यात्रेला गेला, हुरड्याला गेला. त्या संघाच्या कर्णधार मुलीला सख्खा मामा नव्हता, तर तिच्या लग्नात हा चर्चला जाणारा माणूस फेटा बांधून मामा म्हणून पाठीशी उभा राहिला. लग्न रविवारी होते आणि त्याच दिवशी आमच्या आईचा स्मरणदिन होता. तिच्या कबरीवर फुले मी एकटीने ठेवली.

लग्नानंतरही ती मुलगी खेळत होती. २०११च्या जानेवारीत मी शिकवत असलेल्या मुलींच्या संघाचा अंतिम सामना खुटबावशी होता आणि पंच जोएल होता. मी आक्षेप घेतला. तो म्हणाला, "ताई, मैदानात मी कुणाचा नसतो." नाणेफेकीच्या वेळी त्यांच्या मुली त्याला विचारत होत्या, "मामा, हुरडा पचला का? आज्जीनं चटणी बांधून दिलीया, जाताना न्या बरं का." तो हसत होता.

शेवटच्या चढाईला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. वडगाव रासाईची माझी सुलक्षणा गेली, दोघींना शिवून मध्यरेषेवर हात टेकवला. तिचा "कबड्डी कबड्डी" मला पार मैदानाबाहेर ऐकू येत होता. जोएलने शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "दम गेला." सुलक्षणा बाद आणि सामना खुटबावचा.

रेषेवरचा पाय चुकीचा दिला तर माती साक्ष देते. दम गेला की नाही, याला साक्ष फक्त पंचाच्या कानांची. म्हणूनच त्याने तो निर्णय निवडला.

सुलक्षणा जिल्ह्याच्या संघात गेली नाही. खेळाडूंच्या कोट्यातून तिला पोलिसात जायचे होते, तेही राहिले. आज ती शिक्रापूरला कारखान्यात पॅकिंगला उभी असते. जोएल मात्र जिल्ह्याच्या पंचांचा प्रमुख झाला आणि नव्या पंचांना निःपक्षपातीपणावर व्याख्यान देतो.

४. माझ्या निवृत्तीला रविराज यांनी मला दिलेली शाल त्यांना परत करावी. घडी मोडलेली नाही.

५. राहते घर. हे माझ्या कमाईचे आहे, वडिलार्जित नाही. ते सुलक्षणाला देण्याचा माझा विचार मी मागच्या महिन्यात जोएलला सांगितला.

"एका चढाईसाठी घर घालवतेस, ताई?"

"तू हुरड्यासाठी सामना घालवलास."

"तिचा आवाज बारीक झाला होता गं."

"बारीक झाला होता की गेला होता?"

तो चहा न पिता उठला. दारातून म्हणाला, "आता कबूल केलं तर मला पंच म्हणून कोण उभं करील?"

म्हणजे त्याला ठाऊक आहे. म्हणून असे ठरवते. माझ्या दफनाच्या वेळी, पेटी खाली सोडण्याआधी, जोएलने सर्वांसमोर मोठ्याने म्हणावे, "सुलक्षणाचा दम गेला नव्हता. मी खोटा निर्णय दिला." तसे म्हटल्यास घर जोएलचे. न म्हटल्यास, किंवा पुटपुटल्यास, घर सुलक्षणाचे. रविराज यांना दफनाचे निमंत्रण जरूर द्यावे आणि पुढे उभे करावे.

६. जोएलचे शब्द स्पष्ट ऐकू आले की नाही, याचा निर्णय एकटी सुलक्षणा देईल. तिचा निर्णय अंतिम राहील. त्यावर दाद मागता येणार नाही. माझ्या वकील जस्मिन साळवे यांनी हरकत घेतली, "बाई, घर तिलाच मिळणार असेल तर ती निःपक्ष कशी राहील?" हरकत रास्त आहे. मी ती फेटाळते. निर्णय देणाऱ्याचे हितसंबंध समोरच्या बाजूला असले की मैदानात उभे राहून कसे वाटते, ते जोएलला एकदा कळू दे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही.

सही: इवा योसेफ उजगरे

साक्षीदार:
१. सोपानराव गेनबा थोरात, शेजारी
२. जस्मिन डॅनियल साळवे, वकील

शिरूर, जि. पुणे
१८ नोव्हेंबर २०२४