ज्याची गाडी उघडली, त्यानं आमची न्यायची

दिंडोरी,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

लासलगावच्या सौ. सिंधुवन्संना दिंडोरीच्या वहिनीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातून. कंबर आता वाकत नाही, आणि वाकली तर सरळ होत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला शेकून बांधत जा. मोतीराम दाजींची तपकीर सुटली का? डबी हरवल्यावर तरी सुटायला हवी होती. इकडे सगळे खुशाल. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण वन्सं, फोनवर तुमच्या भावाचा विषय निघाला की तुम्ही रडता, मग मी रडते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. पत्रात रडलेलं दिसत नाही. कुठं अक्षर हललं असेल तर ते चौथी पास आहे म्हणून हललं, असं समजा.

तर आनंदाची बातमी अशी की दिनेशची निकिता दसऱ्याला आजोबांचं गॅरेज उघडतेय! हे गेल्यापासून शटर खाली ते खालीच होतं. दिनेशच्या मनात होतं, तिथं मोबाइलचं दुकान टाकणाऱ्याला गाळा भाड्यानं द्यावा. पोरगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक होऊन आली आणि म्हणाली, मीच बसणार. दिनेश सातपूरला कंपनीत इस्त्रीचा शर्ट घालतो ना, त्याला ते कसंसंच झालं. "आई, पोरीच्या जातीला हे काळं काम शोभतं का?" मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या काळ्या हातांनीच तू गोरा झालास." परवा बोर्ड रंगवणारा आला आणि मलाच विचारतो, नाव काय लिहू? आता मी यांचं नाव कसं घेणार? उभ्या जन्मात उखाण्याबाहेर घेतलं नाही. म्हटलं, मिस्तरींचं गॅरेज लिही. तर म्हणतो, "कोणते मिस्तरी?" दिंडोरीत उभं राहून असं विचारतो! (कळवणचा निघाला.) शेवटी निकितानं आतून ओरडून सांगितलं, "सावळीराम!" आणि मी उगाच पदर डोक्यावर घेतला.

पण गॅरेज उघडायचं म्हणजे आमची फटफटी पाहिजे. दसऱ्याला पहिला हार तिला. यांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे: ज्याची गाडी उघडली, त्यानं आमची न्यायची. माणसाचं काम अडता कामा नये. त्यापायी आमची फटफटी आमच्याच दारात क्वचित दिसायची. लग्नानंतर एकदा हौसेनं मला मागे बसवून वणीच्या गडाला नेलं. येताना वाटेत एकाची गाडी बंद पडलेली दिसली, आणि आम्ही दोघं एसटीनं घरी. (तो माणूस यांच्या पाया पडत होता आणि मी आभाळाकडे बघत होते.) किल्लीचं तर विचारूच नका. कपाटाची किल्ली लावली तरी चालू व्हायची.

हे गेले तेव्हाही फटफटी कोणीतरी नेलेलीच होती. दुःखात कोण बघतं? पुढे लोक येऊन आपापल्या गाड्या घेऊन गेले. कोपऱ्यात एक मोपेड तेवढी राहिली, इंजीन उघडून परातीत ठेवलेलं. (परात माझी. पुरणाची.) ज्याची ही मोपेड त्याच्याकडे आमची फटफटी, हे आंधळ्यालाही कळेल. पण न्यायला कोणी येईना. सीट उचलून पाहिली तर कांद्याची सालं निघाली. आता कांदा काय, सगळा नाशिक जिल्हा खातो. मी सीट परत खाली लावली.

मग निकिताच्या स्कूटरवर मागे बसून शोधायला निघाले. आधी द्राक्षबागेत दत्तूकडे. छाटणी चालू होती, तरी कात्री टाकून आला. म्हणाला, "मामी, फटफटी माझ्याकडं नाय. पण हा ब्लोअर बघा, मिस्तरींचा हात लागला तवापासून खोकला नाय." आणि त्यानं आमच्या प्रतिभाच्या साखरपुड्याची गोष्ट काढली. त्या सकाळी याचा औषध फवारायचा हा ब्लोअर बंद पडला होता. हे "आलोच" म्हणून गेले. पाहुणे बसले, भटजी बसले, पोहे बसले. आले ते हात न धुता, आणि जावयाच्या कपाळाला टिळा लावला तो अर्धा कुंकवाचा आणि अर्धा ऑइलचा. विहीणबाईंना वाटलं, आमच्यात असंच लावतात. त्यांनी काजळ मागवून आमच्या दिनेशच्या कपाळाला लावलं! दत्तू हसत होता, निकिता हसत होती. मला मात्र यांच्या हातांचा वास आला, रॉकेल आणि साबणाचा. डोळ्यांत औषध गेलं म्हणून सांगितलं. (फवारणी चालू नव्हती.)

दत्तूच्याच बागेत बारकू भेटला. पेठकडचा, दरवर्षी छाटणीला येतो. तो म्हणाला, "बाय, तुमची गाडी मी नेली व्हती. पण पोरीच्या टायमाला, तिला झाली आता लय वर्सं." त्याची बायको अडली होती आणि याच्याकडे नुसती सायकल. तरी आला गॅरेजवर, पण मागायला लाजला. यांनीच गाडी ने म्हटलं, तर "माझी गाडी कुठं बिघडलीय, मिस्तरी?" म्हणाला. यांनी काय करावं? सायकलच्या घंटीची वाटी पिळून काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "उघडली तुझी गाडी. आता ने माझी. नियम म्हणजे नियम." बायको, पोरगी दोघी सुखरूप. हे मला इतक्या वर्षांत यांनी सांगितलंच नव्हतं! तिथं मात्र मी उघड रडले. बारकूनं नागलीचं पीठ बांधून दिलं, त्याच्या भाकरी करून खातेय.

वन्सं, गाडीचं राहू द्या, मला तिचा आवाज पाहिजे. आठवतो ना? तीन ठोके आणि एक उचकी. सगळ्या तालुक्याची इंजिनं नीट करणारा माणूस, मी म्हटलं, ही उचकी तेवढी का काढत नाही? तर म्हणाले, "मग तुला कसं कळायचं, मीच आलो म्हणून?" आणि गंमत अशी की उचकी ऐकून मी तवा ठेवायची, अन् दारात उतरायचा भलताच, गाडी परत द्यायला आलेला. तवा तापलेला असायचा, मग तो जेवूनच जायचा. मागून हे चालत यायचे आणि विचारायचे, "माझ्यासाठी उरलीय का अर्धी?" आता भाकरी पाहिजे तेवढी उरते. संध्याकाळी रस्त्यावर काही वाजलं की माझा हात अजून तव्याकडे जातो, आणि भंगारवाला निघून जातो.

तुमच्याकडे मार्केटला सगळा जिल्हा कांदा घेऊन येतो. तीन ठोके आणि एक उचकी अशी कुठली गाडी कोणी ऐकली असेल, तर दाजींना विचारून कळवा. पत्र लांबलं. दूध उतू गेल्याचा वास येतोय, म्हणजे सूनबाई घरात नाही. उठते.

तुमची वहिनी,
बायडा

ता. क. वर एक लिहायचं राहिलं. मोपेडच्या सीटखाली कांद्याच्या सालांच्या तळाशी तपकिरीची डबी निघाली. झाकणाला दाजींनी ठोकून ठोकून पाडलेला पोचा आहे. डबी धुऊन ठेवली आहे, पण देणार नाही. दाजींचा खोकला आधी बरा होऊ द्या.

आणखी ता. क. तुमच्या दीपकला रागावू नका. मोपेड उघडली म्हणून मामाची गाडी घेऊन गेला होता, एवढंच तर झालं. नंतर तो आणून देत होता, पण तुम्ही चाकाला हात लावू दिला नाही, हे त्यानं मी विचारल्यावर सांगितलं. ओसरीवर जुनं लुगडं पांघरून ठेवली आहे ना? आणि दुपारी तिच्याशेजारी बसून वाती वळता ना? मी रागावले नाही, वन्सं. मी या घरात यायच्या आधीपासून ते तुमचे भाऊ आहेत. मग ठाऊक असून मी दारोदार शोधत का फिरले म्हणाल, तर यांचं नाव लोकांच्या तोंडून ऐकायला. माझ्या तोंडून तर येत नाही.

शेवटचा ता. क. दसऱ्याला दीपकच्या मागे बसून फटफटीवरच या. निकितानं मोपेड जुळवली, परात मोकळी झाली, पुरण होईल. वळणावर गाडी हळू घ्यायला सांगा, मी तव्यापाशी असेन. हार घालू, निकिता एक किक मारेल, आणि मग फटफटी परत तुमच्या ओसरीवर घेऊन जा. मोपेड तर झाली, आता कुठल्या तोंडानं नेऊ, असं मनात आणू नका. काल निकिता जेवायला गेली तेव्हा मी मोपेडचा आरसा पिळून काढला आणि देवघरात ठेवला. म्हणजे गाडी उघडलेलीच आहे. आणि नियम तुमच्या भावाचा आहे, माझा नाही.