डोस बदलायचा नाही

१४ जून

यशपाल म्हणे व्हिसा कन्सल्टंट! सात रस्त्याला एक गाळा, आत एसी, काचेवर विमान चिकटवलेलं. मी विचारलं, तिकडं आम्ही आजारी पडलो तर सरकारी दवाखान्यात चालतं का? म्हणतो, "काकू, कॅनडात सगळ्यांना फ्री असतंय की. टेन्शनच घेऊ नका." सगळ्यांना म्हणजे नेमकं कुणाला, असं विचारल्यावर मोबाईलमध्ये डोकं घातलं. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. अभ्यास न करता आलेलं पोर मला दारातून कळतं.

शेजारी आमची स्वारी. "व्हय व्हय, फ्री हाय म्हंत्यात." जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. स्वतः कुणाला एक तिकीट फुकट दिलं नाही, पण दुसरा फुकट म्हणाला की लगेच विश्वास.

१५ जून

लेकीचा, तेजश्रीचा, कॅनडाहून फोन. आधी दोनदा गेलं पोरीचं. आता तिसरा महिना. तारीख डिसेंबर अखेरची.

तिचं बाळंतपण सरकारी कार्डावर. डॉक्टर, दवाखाना, सगळं त्यात. दात, चष्मा, बाहेरची औषधं मात्र नवऱ्याच्या कंपनीच्या प्रायव्हेट विम्यातून. म्हणजे त्या सरकारच्या लेखी दात हा माणसाचा अवयव नाही. वा रे देश.

"आणि आमचं गं?" "आई, तुम्ही पाहुणे. पाहुण्यांना कार्ड नाही. वर्षभराचा प्रायव्हेट विमा घ्यावाच लागतो, त्याशिवाय व्हिसा नाही." घ्या! फ्री म्हणे.

जावई अभिमन्यू मागून ओरडले, "आई, पॉलिसी मेल केलीय, फक्त शेवटच्या पानावर सही करा." इंजिनिअर आहेत ते. मधली पानं बहुतेक शोभेला असतात.

फोन ठेवताना तेजू रडली. "ह्या वेळी तू पाहिजेस." मी रडले नाही. जायचं म्हणजे जायचं, एवढंच म्हटलं.

स्वारीला न्यावंच लागणार. दूध उतू जायला लागलं की गॅस बंद करायचा सोडून मला हाक मारणारा माणूस. सहा महिने ह्यांना इथं एकट्याला ठेवून मी तिकडं सुखानं झोपेन होय?

२ जुलै

पॉलिसी वाचली. सगळी. शब्दकोश घेऊन बसले, तीन दुपारी गेल्या.

ह्यांना बीपी आहे, साखर आहे. जुना आजार असेल तर विमा देतात, नाही असं नाही. पण अट अशी — निघायच्या आधी सहा महिने त्या आजारात काहीही हलता कामा नये. नवी गोळी नाही. जुनीचा डोस वाढवायचा नाही. कमी झाला तरी नाही! म्हणजे माणूस बरा व्हायला लागला तरी कंपनीला चालत नाही. डॉक्टरला नवीन तक्रारही सांगायची नाही. ह्यातलं काही झालं आणि तिकडं हृदयाचं काही निघालं, तर खर्च आपला. तिथल्या दवाखान्यातल्या एका रात्रीत आपलं जुळे सोलापूरचं घर जाईल.

यशपालला फोन करून विचारलं. "असं असतंय व्हय काकू?" मलाच विचारतो! आणि हा माणूस लोकांना परदेशी पाठवतो.

स्वारीला समोर बसवून समजावलं. डिसेंबरपर्यंत आहे त्या गोळ्या, आहेत तशा. मान डोलावली. ह्यांचं काय, कशालाही डोलावतात.

९ ऑगस्ट

नेहमीच्या तपासणीला गेलो. आमचे फॅमिली डॉक्टर, एरवी बरे आहेत. बीपी बघितलं, तोंड वाकडं केलं, पेन उचललं. "काका, गोळी वाढवू या. आणि एकदा ईसीजी काढून घ्या."

मी म्हटलं, वाढवायची नाही.

"म्हणजे?"

म्हटलं, डिसेंबरपर्यंत नाही, विम्याची अट आहे. माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच पेशंट. "वहिनी, बीपी अट वाचून थांबत नसतं." लई शहाणे! एरवी दर वेळी नवीन गोळी लिहायची हौस. म्हटलं, लिहिलेलं खोडा, आम्ही काही घेत नाही. ह्यांना उठवलं आणि बाहेर आले. हे पायऱ्या उतरताना म्हणाले, "डाक्टर चिडलं की गं." चिडू दे. त्यांच्या पोरीचं बाळंतपण नाही.

२४ ऑगस्ट

स्वारीचं नवीन नाटक — जिन्यात बसायचं. भाजी आणायला गेले, पहिल्या मजल्यावर बसले, पिशवी मांडीवर. काय झालं? "काय न्हाय, ग्यास हाय." शेंगाचटणीचा अर्धा डबा चार दिवसांत संपवल्यावर दुसरं काय होणार? ओवा दिला. निवृत्त झाल्यापासून हा माणूस म्हातारपणाची हौस करतोय नुसती.

११ सप्टेंबर

मागच्या गल्लीतला ईश्वर ह्यांचा जिवलग. महापालिकेतून निवृत्त. आता म्हणे त्याच्या छातीत दुखतंय, त्याला सरकारी दवाखान्यात न्यायला आमच्या स्वारीला सोबत जायचंय. ईश्वर! वीस लिटरचा पाण्याचा जार खांद्यावर घेऊन तीन मजले चढतो तो. त्याला सोबत कशाला? आणि ती कुणाची, तर आमच्या ह्यांची, जे अर्ध्या जिन्यात बसतात!

म्हटलं, रांगेत उभं राहायचं असेल तर बँकेत राहा, पासबुक तरी भरून होईल. ऐकलं नाही. गेले.

३० सप्टेंबर

परत दवाखाना. ईश्वरसाठी. सकाळी जातात ते दुपारी येतात, आल्यावर जेवत नाहीत, पडतात. दुसऱ्याच्या दुखण्याची ह्यांना केवढी सेवा! तेजू झाली तेव्हा हा माणूस ड्युटीवर, टेंभुर्णीच्या स्टँडवर पोरांबरोबर चहा पीत होता.

१७ ऑक्टोबर

दिवाळीचं केलं. तेजूला न्यायला शेवया, डिंकाचे लाडू, कडक भाकरीची चवड. ह्यांच्यासमोर चकलीचं ताट ठेवलं. "मीठ हाय का गं ह्यात?" नाही, साखर घातलीय! चाळीस वर्षं माझ्या हातचं खाऊन आता मीठ विचारतात. भाजीही बेचव मागतात. म्हटलं, तिकडं जाऊन उकडलेलंच खायचंय, इथूनच सवय करताय वाटतं. हसले. हल्ली हसतात फार, बोलत नाहीत.

५ नोव्हेंबर

व्हिसा आला! यशपालनं पेढे मागितले. मी त्याला पॉलिसीचं अकरावं पान दाखवलं आणि म्हटलं, आधी हे वाच, मग पेढा. वाचलं नाही. पेढा घेतला.

७ नोव्हेंबर

विमा कंपनीचा फोन, निघण्याआधीची पडताळणी म्हणे. हिंदी बोलणारी पोरगी, पोपटासारखी. सहा महिन्यांत काही नवीन तक्रार? कुठं ॲडमिट? औषधात बदल? माझं झालं, मग ह्यांना दिला. "नही मॅडम. कुछ नही. सब पैल्यासारखाच है." ह्यांच्या हिंदीची कीव आली. पण एक बरं, ह्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळं त्या पोरीलाही फार विचारायला सुचलं नाही.

तेजूला सांगितलं, सगळं पक्कं. १० डिसेंबरचं विमान. बाळाला पहिली आंघोळ मीच घालणार.

२० नोव्हेंबर

बॅगा भरतेय. स्वारीची मदत म्हणजे खुर्चीत बसून बॅगेकडं बघणं. "तू येकटीच गेलीस तर न्हाय का जमायचं? मी ऱ्हातो की हितं." आत्ता सांगतात! तिकीट काढून झाल्यावर! म्हटलं, तुम्हाला चहातली साखर सापडत नाही, राहताय काय. जरा वेळानं म्हणाले, "सापडंल की." मी लक्ष दिलं नाही. खिसा कापल्यासारखा चेहरा करून बसले होते.

२६ नोव्हेंबर

दुपारी ईश्वर दारात. आत ये म्हटलं तर येईना. चपला हातात घेऊन उभा.

"वैनी, रागवू नका. हिंदुरावांना ॲडमिट केलंय."

मी म्हटलं, कुणाला? तू आजारी ना?

"मला काय धाड भरलीया? त्यांचंच दुखतंय दोन-तीन महिने. तुमी म्हणला हुता, नवी गोळी लागली तर विमा जाईल. मग त्यांनी केसपेपर माझ्या नावावर काढायला लावला. आधार कार्ड माझंच. म्हंजी त्यांच्या नावावर काय लिवलं जायला नको. गोळ्या बी माझ्या नावानं. मी न्हाय म्हटलं हुतं वैनी, लई येळा म्हटलं. तर त्येच म्हणायचे, तिला लेकीकडं जायचंय ईश्वर, ती मला सोडून जायची न्हाय. मी तितवर कसंबी टिकतो." आणि रडायला लागला. माझ्या दारात, एवढा मोठा माणूस.

रिक्षात मी त्याला वाट्टेल ते बोलले. गाढव म्हटलं, दोघांनाही. कुणाच्या नावावर बायपास करणार होतात, असं विचारलं.  हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत म्हणे. आणि मी ओवा देत होते.

२७ नोव्हेंबर

पलंगाला अडकवलेल्या कागदावर ईश्वरचं नाव. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ईश्वर यांच्या कोण तुम्ही?

म्हटलं, हे ईश्वर नाहीत. हिंदुराव ज्ञानदेव वाघमोडे, वय अडुसष्ट, माझे मालक. खोडा ते आणि हे लिहा. डोस काय वाढवायचा तो वाढवा.

हे डोळे न उघडता म्हणाले, "आगं, तिकीट…" म्हटलं, गप पडा.

संध्याकाळी तेजूला फोन करायचाय. काय सांगू तिला, कळत नाही.