माहेरच्या यादीतली रेणुका

११ जानेवारी

हो, हायेत मले दोन नावं! मंग? मी मांगाले गेली होती का? मायनं रेणुका ठेवलं. लगनात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर आंगठीनं सुभद्रा काढलं, अन् झाली मी सुभद्राबाई. इथं सासरी, उंद्रीच्या मताच्या यादीत सुभद्रा. माहेरच्या यादीत रेणुका — ते भावानं, किसननं चढवेल हाय. तीस वर्सं झाले. कोनी काही म्हनलं नाही.

आज माहा पोरगा हरिओम मोबाईल पाहून म्हने, "आई, दोन जागी नाव ठेवनं गुन्हा हाय. वर्सभर जेल."

मी म्हनलं, तू आधी म्हशीले पानी दाखव.

१३ जानेवारी

किसनचा फोन. त्याची सून अनुपमा सरपंचाले उभी हाय. "अक्का, जीप पाठवतो. तुह्या मताबिगर आपलं कोनतं इलेक्शन झालं का?"

नाही झालं, हे खरं. आमच्या तिकडं मताले बहिनी आनतात, दिवाळीले आनतात तशा. जेवू घालतात, जाताना साडी नेसवतात. सगळेच आनतात.

"राखीले एसटीनं ये म्हनतात, मताले जीप!" मी म्हनलं. माही सून सुचिता तोंडाले पदर लावून हासली.

१५ जानेवारी

माहेरी. दुसरबीडच्या अलीकडं फाट्यावून आत वळलं की भोंगाच भोंगा. डोकं उठलं.

अनुपमाच्या समोर कोकिळा उभी हाय. खालच्या आळीतली, सरकारी दवाखान्याची आशाताई हाय ते. माय शेवटचे तीन महिने अंथरुनाले खिळली तवा तिची कूस बदलाले, डोक्याले तेल लावाले कोकिळाच ये. अनुपमा तवा बुलढान्याले राहे, पोराच्या शाळेपायी. आता इलेक्शन लागलं तं कोकिळा दुश्मन!

रस्त्यात भेटली. "जेवल्या का आत्याबाई?" म्हने. किसन सोबत होता. मी मान खाली घातली.

मतदान झालं. कार्डावरचा फोटो पाहून तो साहेब म्हने, "हे तुम्हीच का?" म्हनलं, बाबू, तीस वर्सांत तू नाही बदलला का? कोकिळाच्या मानसानं काही हरकत घेतली नाही. कशी घेईन? त्याच्याच बाजूच्या चार बहिनी लाईनीत उभ्या होत्या!

भिंतीवर लिहेल होतं — मत गुप्त ठेवा. बरं हाय.

घरी आली तं किसननं साडी नेसवली. जांभळी. प्रेमनं, म्हंजे अनुपमाच्या नवऱ्यानं, फोटो काढला — साडी अन् शाईचं बोट, दोन्ही दिसलं पायजे म्हने. कायले पायजे फोटो? उगा थाट!

१७ जानेवारी

निकाल. अनुपमा एका मतानं आली. एका!

किसन फोनवर वरडे, मांगं ताशा — "अक्का, तुहंच मत! तुहंच!" मी फोन ठेवला.

५ फेब्रुवारी

कोर्टाचा कागद आला. कोकिळाच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं केस टाकली. कागदाले काय जोडलं तं प्रेमनं काढेल तो फोटो! त्या शाहन्यानं स्टेटसले ठेवला होता — खाली लिहेल, "आत्याचं मत, माहेरची साडी."

हरिओमनं वाचून दाखवलं. एक, दोन यादीत नाव. दोन, गावात राहत नाही तरी मत देलं. तीन, साडी देऊन मत घेतलं, म्हंजे लाच. देनाराही गुन्हेगार, घेनाराही. एक वर्सापर्यंत कैद, नाही तं दंड, नाही तं दोन्ही.

भावाची साडी लाच? मंग पन्नास वर्सापासून मी लाचच खाऊन राह्यली! घाला मले जेलात, अन् लगनानंतरच्या पहिल्या आखाडापासूनच्या माह्या सगळ्या साड्याही घाला!

"आई, कायदा नातं पाहत नाही," हरिओम म्हने.

मंग कायले पायजे असा आंधळा कायदा. पन रातीपासून डोक्यात येऊन राह्यलं — साडी मताच्याच दिसी काऊन? राखीले तं नारळावर भागवलं होतं त्यानं.

८ फेब्रुवारी

किसन आला. सोबत वकील, काळा कोट हातावर. चहा प्याले अन् लागले सांगाले. "अक्का, कोर्टात म्हन, मी सुभद्रा. आधारवर सुभद्रा हाय. रेणुका कोन, मले ठाऊक नाही."

"अन् फोटो?"

"शाईचं काय, हळदी-कुंकवाचा रंग लागला म्हन."

काळा? काय बाप्पा हे लोक! रेणुका कोन, ठाऊक नाही म्हनू? मायनं ठेवेल नाव हाय ते. आता त्या नावानं बोलवनारं कोन राह्यलं? एक तूच होता बे, तू बी अक्का म्हनतो.

नाही म्हनलं. शपथ घेऊन खोटं बोलनं हा बी गुन्हाच हाय — हरिओमनं तेही मोबाईलात काढून ठेवलं. हे पोट्टं मले जेलात धाडल्याबिगर नाही राहत!

९ फेब्रुवारी

गुडघा दुखते.

२० फेब्रुवारी

पुन्हा दोघं. वकिलाले नवीन डोकं सुचलं. म्हने, "ठीक हाय, मत देलं म्हना. पन कोकिळाले देलं म्हना! मंग कटलं तं तिचं मत कटते, अनुपमाताईचं नाही. मशीन काही सांगत नाही. तुम्ही सांगाल तेच."

किसन उभाच राह्यला. "वकीलसाहेब, तोंड सांभाळा. माही बहीन असं खोटं बी बोलनार नाही. कोर्टात सगळ्या गावापुढं म्हनन का ती, भावाच्या घराले मत नाही देलं? सरपंचकी गेली तं गेली!"

डोळ्यांत पानी आलं त्याच्या. बासष्ट वर्साचा मानूस.

मी चहा ठेवाले गेली. पहिला चहा तसाच पडेल होता.

४ मार्च

कोर्ट. चार घंटे बाकावर. पंखा वर, पन लाईट नाही. वकील-वकील हासून बोलत होते, अन् आम्ही एकमेकांकडं पाहत नव्हतो. कोकिळा कोपऱ्यात होती. पान्याची बाटली पुढं केली तिनं. मी घेतली. किसननं पाह्यलं.

नाव पुकारलं — "सुभद्राबाई उर्फ रेणुका." उर्फ! चोरावानी.

सांगून टाकलं. रेणुका मीच. मत मीच देलं. दर इलेक्शनले देते, दोन्ही गावाले. साडी भावानं नेसवली. गुन्हा असन तं लिहा, आंगठा नको, सही येते मले. चौथी झाली हाय.

इंद्रभानचा वकील म्हने, "मत कोनाला दिलं?"

समोर किसन, छाती काढून बसेल. त्याले पक्कं ठाऊक होतं मी काय म्हननार.

मी म्हनलं, "ते नाही सांगत. तुमच्याच भिंतीवर लिहेल होतं गुप्त ठेवा म्हनून."

जजसाहेबानं दोनदा इचारलं. दोनदा नाही म्हनलं. "आजी, तुमच्यावर वेगळा गुन्हा दाखल होऊ शकते." होऊ द्या.

२ एप्रिल

निकाल लागला. एका मताचा फरक, अन् माहं मत कोनाले पडलं ते कळत नाही, म्हनून सरपंचाचं इलेक्शन पुन्हा घ्या म्हने. अनुपमा उतरली. माही केस वेगळी चालन.

वकील म्हने, कोकिळाचं नाव घेतलं असतं तं खुर्ची राह्यली असती. एका शब्दाचं काम होतं.

मले वाटलं किसन आता तोंड पाहत नाही. पन आला. खाली बसला, माह्या पायापाशी. "अक्का, खुर्चीपायी बी तू माहं घर सोडून दुसऱ्याचं नाव नाही घेतलं. मी गावात सांगतलं, बहीन असावी तं अशी."

शेंगा आनल्या होत्या त्यानं. सुचितानं भाजल्या. माह्या वाट्याच्या मी हरिओमले देल्या.

५ एप्रिल

यादीतून रेणुका कटली. बरं झालं.

वकील जे खोटं बोलाले लावत होता — ते खोटं नव्हतं. कोकिळालेच देलं होतं मी.

किसनले सांगनार नाही. जजले नाही सांगतलं, वहीबाई, तुलेही याच्या पुढं नाही. बस.