धुंदलवाडीची जागा

डिसेंबर २०१८, संध्याकाळ

निवृत्तीनंतर शेती करत राहायला धुंदलवाडीची जागा मी आणि सुलभाने जवळपास पक्की केली होती. विहिरीचं पाणी, रस्ता, जवळच्या कासा गावातला दवाखाना, सगळं पाहून झालं होतं. मालकीण शांताबेन यांच्या ओटीवर चहा घेत होतो, तोच जमिनीखालून स्फोटासारखा आवाज आला. भिंत हलली, फळीवरची भांडी कोसळली. तो आवाज! जमिनीच्या पोटातून?

"बाहेर या, ताई!" शांताबेननी सुलभाला ओढलं. "भूकंपाचे धक्के आता रोजच बसतात."

"मग झोपता कुठे?" सुलभाने विचारलं.

"अंगणात, ताडपत्रीखाली."

मी तिथल्या तिथे जागा नको म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या आणि भांडी उचलायला आत गेल्या. त्याच घरात!

परतताना जीपमध्ये सुलभा एवढंच बोलली, "आपल्याला नको म्हणता आलं."